अमळनेर ते लेह, दोघं जण आणि चार सीझन चाललेली हिमालयन: भरवसा कशावर ठेवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात नवरा-बायको अमळनेरहून मनालीमार्गे लेहला जाणार, श्रीनगरमार्गे परतणार. इकडचं-तिकडचं धरून पाच हजारांच्या आसपास किलोमीटर. हाताशी २०२२ची रॉयल एन्फील्डची हिमालयन ४११ बाइक आहे, १८,००० चाललेली, सर्विस वेळेवर झालेली. तिच्यावर भरवसा ठेवावा, की ती काढून नवी हिमालयन ४५० किंवा केटीएम ३९० ॲडव्हेंचर घ्यावी?

भाऊ, आहे तीच न्या. निघायला तीन आठवडे उरलेले असताना नवी गाडी घेणं हाच सगळ्यात जोखमीचा पर्याय. नवीचं इंजिन अजून मोकळं व्हायचं असतं, पहिली सर्विस व्हायची असते, आणि गार्ड, रॅक, जादा दिवे असं सगळं घाईत एकाच दिवशी बसवलं जातं. त्यातलं काय सैल राहिलं ते कळतं सेंधवा ओलांडल्यावर. जुनीचे आवाज तरी तुमच्या कानात बसलेले आहेत.

गाड्यांची तुलना दोन ओळींत उरकतो. ४११ला रेडिएटर नाही, हवा आणि ऑइल कूलरवर भागतं; टॅपेट (व्हॉल्व्हची फट जुळवायची सोय) स्क्रू-नटचे, कुठलाही जुना मिस्त्री फीलर गेज लावून जुळवतो. ताकद मात्र २४ बीएचपीच. ४५० आणि ३९० जवळपास ४०च्या घरातल्या, डबल सीट घाट चढताना फरक लगेच कळतो, पण त्यांना रेडिएटर, पंखा, होज पाइप सांभाळावे लागतात आणि बिघाड झाला तर लॅपटॉपवाला मेकॅनिक शोधावा लागतो. एकट्याने जायचं असतं तर हीरो एक्सपल्ससारख्या हलक्या गाडीचं नाव पहिलं घेतलं असतं. दोघांना सामानासकट ती हायवेवर दिवसभर ताणावी लागते.

उंचीवर काय होतं तेही आत्ताच ऐकून ठेवा. मनाली-लेह रस्त्यावरची तांगलांग ला खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे. तिथे हवेचा दाब आपल्याकडच्या जवळपास निम्मा, म्हणून इंजिनाची ताकदही निम्म्याच्या आसपास येते. इंजेक्शनची गाडी पेट्रोलचं प्रमाण कमी करून घेते, पण नसलेली हवा कुठून आणणार? तुमच्या २४ची तिथे १३ उरली तर गाडी आजारी आहे असं समजू नका. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढू द्या, हाफ क्लच मारू नका.

आता मुद्द्याचं. लांबच्या फेरीत पिस्टन-क्रँकमुळे रस्त्यात उभ्या राहिलेल्या गाड्या फार थोड्या. क्लचची केबल, ट्यूब, चेन, एखादा कपलर (वायरींचा जोड), साइड स्टँडचा स्विच, तडकलेला रॅक, या गोष्टी गाडी उभी करतात. यातल्या बहुतेक हाताने तपासता येतात, आणि बहुतेकांची दुरुस्ती फाट्यावरच्या माणसाकडून होते. म्हणून तयारी तिथे करायची.

सर्विस निघण्याच्या तीन आठवडे आधी करा, आदल्या दिवशी अजिबात नाही. सर्विसमधल्या चुका पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये डोकं वर काढतात: ऑइल फिल्टरची ओ-रिंग दुमडलेली, ड्रेन बोल्टचा वॉशर जुनाच, मागच्या ॲक्सलचा नट हातानेच आवळलेला. ऑइल मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं, १५डब्ल्यू-५०, आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं असलं पाहिजे. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे पदार्थ असतात. आपल्या गाड्यांचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तो घसरायला लागतो. प्लग, एअर फिल्टर नवे टाका. जुना एअर फिल्टर बरा असेल तर फेकू नका, झाडून पिशवीत सोबत घ्या. टॅपेट गाडी पूर्ण थंड असताना, म्हणजे रात्रभर उभी राहिल्यावर सकाळीच जुळवून घ्या.

डिस्क ब्रेकचं ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदला. हे डॉट ४ जातीचं ऑइल हवेतलं पाणी ओढतं. नवं ऑइल २३० अंशांच्या वर उकळतं, पाणी शोषलेलं १५५च्या आसपासच. डबल सीट घाट उतरताना मागच्या ब्रेकवर पाय ठेवूनच उतरायची सवय असेल तर नेमकं हेच होतं: आत वाफ धरते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. उतारावर गिअर खाली ठेवा, ब्रेक दाबा-सोडा करा. डिस्क पॅडचा एक जोड सोबत हवाच. ओढ्यातली रेती आणि चिखल पॅड खातात.

सर्विसनंतर चाचणी फेरी. संपूर्ण सामान बांधून, वहिनींना मागे बसवून. शिंदखेडा, दोंडाईचा, सारंगखेड्याचा पूल, शहादा आणि तिथून तोरणमाळ. शहाद्याहून पन्नासेक किलोमीटरमध्ये हजार मीटरच्या आसपास चढण मिळते, वळणंही भरपूर. दुसऱ्या दिवशी तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगाव. लेहच्या रस्त्याची रंगीत तालीम घरापासून इतक्या जवळ कमी लोकांना मिळते. परत आल्यावर गाडी धुवायच्या आधी बघा: कुठे ऑइलचा ओला डाग, कुठे धुळीवर उमटलेली नवी रेघ, कुठला नट फिरलेला. धुतलेल्या गाडीवर यातलं काही दिसत नाही.

नट फिरला हे ओळखायला सोपा उपाय: योग्य पीळ देऊन आवळल्यावर नट आणि खालच्या पत्र्यावर मिळून पांढऱ्या ऑइल पेंटची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटली की नट फिरला. सायलेन्सरच्या बेंडचे नट, इंजिन माउंटिंग, डिस्क कॅलिपर, मागच्या सॉकेटचे (चेनच्या दातेरी चाकाचे) नट, क्रॅश गार्ड, रॅक, नंबर प्लेट, इतक्यांवर रेघा असू द्या. एक सिलिंडरचं इंजिन दिवसाला आठ तास थरथरतं, त्यात न सुटणारा नट नाही. निळं लॉकटाइट (नट धरून ठेवणारा गोंद) लावा, लाल नको. लाल लावलेला बोल्ट उघडायला गरम करावा लागतो. सायलेन्सरच्या नटांना लॉकटाइट लावून फायदा नाही, ते तापून जळून जातं.

रॅकबद्दल जरा परखड बोलतो. दहा किलोची टॉप बॉक्स गाडीच्या मागच्या टोकाला, ॲक्सलच्या मागे लटकवणं हा सबफ्रेम (सीटखालचा सांगाडा) तडकवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. खड्ड्यात तेच दहा किलो कित्येक पटींनी आदळतात. जड वस्तू, म्हणजे हत्यारं, ट्यूब, ऑइल, पुढच्या गार्डला किंवा साइडच्या पिशव्यांत तळाशी. टॉप बॉक्समध्ये रेनकोट, कपडे, औषधं. सगळं सामान एकदा भुसार दुकानातल्या काट्यावर टाकून बघा. मॅन्युअलमध्ये दिलेल्या कमाल वजनातून गाडीचं स्वतःचं वजन वजा करा. उरलं त्यात दोघं, कपडे, बूट, हेल्मेट आणि सामान बसलं पाहिजे. दोघांचं मिळून १४० किलो असेल तर सामानाला किती कमी जागा उरते ते आकडा बघूनच पटेल.

रॅक लोखंडीच घ्या. लोखंडी रॅक तुटला तर ट्रॉलीला वेल्डिंग मारणारा माणूस कुठल्याही फाट्यावर सापडतो. ॲल्युमिनियमला तो हात लावत नाही, आणि लावला तर नको तेच होतं. गाडीवर वेल्डिंग करायचंच झालं तर बॅटरीची आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह, दोन्ही टोकं सोडा, ईसीयूचा (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा) कपलर काढा आणि अर्थिंगचा चिमटा तुटलेल्या जागेच्या अगदी जवळ लावायला सांगा. नाहीतर रॅक जुळतो आणि ईसीयू जातो.

क्लच केबल. नवी केबल डिकीत ठेवू नका. जुनीच्या शेजारून, त्याच वाटेने ओढून ठेवा आणि दोन्ही टोकांना प्लॅस्टिक गुंडाळून टेप मारा. जुनी तुटली की लिव्हरला आणि इंजिनाला फक्त टोकं बदलायची, दहा मिनिटांचं काम. टाकी उचलून केबल ओवायची वेळ पावसात, मनाली-लेह रस्त्यावरच्या सरचूच्या थंडीत येऊ नये. लिव्हरला मॅन्युअलप्रमाणे मोकळीक ठेवा. मोकळीक नसेल तर तापल्यावर क्लच पूर्ण धरत नाही, प्लेटा घासत राहतात आणि चढावर जळका वास येतो. वास आला की थांबा, पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या, मोकळीक तपासा.

चेन बहुतेक लोक घट्ट ठेवतात, तिथेच चुकतं. पुढचं सॉकेट, स्विंगआर्मची पिन आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताणलेली असते. रिकाम्या गाडीवर बेताची वाटणारी चेन दोघं बसल्यावर, खड्ड्यात शॉकॅब दबल्यावर तारेसारखी होते. मग गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर आणि ऑइल सीलवर भार येतो, आणि ते बिघडलं की गाडी खरोखर उघडावी लागते. चाक फिरवून चेनची सगळ्यात ताठ जागा शोधा, तिथे ढिलाई मॅन्युअलच्या आकड्याच्या वरच्या बाजूला ठेवा, आणि मग दोघं सामानासकट बसून तिसऱ्याला बघायला सांगा: तरीही बोटाने चेन थोडी वर-खाली झाली पाहिजे. दर ५०० किलोमीटरला आणि प्रत्येक पावसानंतर ईपी ९० गिअर ऑइल कापडाने आतल्या बाजूला लावा. साफ करायला रॉकेल किंवा चेन क्लीनर चालेल. पेट्रोल आणि तारेचा ब्रश नको, ओ-रिंगा खराब होतात. त्याच मापाची एक जोडकडी जवळ ठेवा. क्लिपची असेल तर क्लिपचं बंद टोक चेनच्या चालीच्या दिशेला.

आता ट्यूब. तुमच्या चाकांना तारा आहेत, पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/९०-१७, दोन्हींत ट्यूब. आपल्याकडे वेडी बाभूळ आणि शेतरस्त्यावरच्या पऱ्हाटीच्या खुंट्या, वर लडाखमध्ये धारदार खडी. शक्य असेल तर दोन्ही ट्यूब घ्या. जागा नसेल तर एक २१ इंचीच घ्या, वेळप्रसंगी ती मागच्या चाकात घालून सावकाश पंक्चरवाल्यापर्यंत जाता येतं. १७ची पुढे बसत नाही.

ट्यूबच्या नळीवरचा नट लोक रिमला घट्ट आवळून ठेवतात. हवा कमी झाल्यावर जोरात ब्रेक मारला की टायर रिमवर थोडा सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते आणि आवळलेली नळी मुळातून फाटते. असं फाटलेलं पॅचने जुळत नाही. तो नट वर घेऊन टोपणाला टेकवून ठेवा. टायर सरकला तर नळी तिरकी दिसते, हवा कमी आहे याची खूण आधीच मिळते. ट्यूब बसवताना आत टाल्कम पावडर टाका, आणि ट्यूबमध्ये थोडीशी हवा भरून मगच टायर चढवा, म्हणजे लिव्हरखाली चिमटणार नाही. टायरची कडा चढत नसेल तर साबणाचं पाणी लावा, जोर लावू नका. शेवटची कडा चढवताना समोरच्या बाजूची कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात पायाने दाबून धरली की दोन लिव्हरनी काम होतं. तिसरी लिव्हर धरून ठेवायला. हे सगळं घरी अंगणात एकदा करून बघा, घड्याळ लावून. पहिल्या वेळी तास गेला तरी चालेल.

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. दुपारच्या ४३ अंशांत चार-पाच पीएसआय जास्त दिसली म्हणून काढू नका, मॅन्युअलचा आकडा थंड टायरचाच असतो. वर गेल्यावर टायर फुगतो म्हणून हवा काढायला सांगणारे भेटतील. बाहेरचा दाब कमी होतो हे खरं, पण थंडीने आतली हवाही आक्रसते. पहाटे इथे ३२ भरलेली हवा खिंडीत शून्य अंशाला ३४-३५ दाखवेल, एवढाच फरक.

वायरिंगसाठी दोन-तीनशे रुपयांचा मल्टीमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट. स्टार्टर मारताना १०च्या खाली जाऊ नये. इंजिन चार हजारांवर धरून १३.८ ते १४.५. १५च्या वर गेलं तर रेग्युलेटर जातोय. १३च्या खाली राहिलं तर मॅग्नेट कॉइल, रेग्युलेटर किंवा त्यांच्यामधला कपलर. आधी कपलर उघडून बघा: पिनेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी झालं असेल तर तिथेच रोग आहे. पिना साफ करा, ढिल्या असतील तर किंचित दाबून घट्ट करा, डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. बॅटरी तीन वर्षांची असेल तर नवी टाकून निघा. उन्हाळ्याने ती अर्धी मेलेली असते आणि थंडीत उरलीसुरली ताकद जाते, मग पहाटे धक्का मारायला माणूस सापडत नाही.

जादा दिवे लावले असतील तर हिशोब करा. ४० वॅटचे दोन म्हणजे ८० वॅट, १२ व्होल्टला साधारण ७ अँपिअर. त्यांना स्वतंत्र रिले, १० अँपिअरचा फ्यूज, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. हेडलाइटची वायर सोलून तिथे जोड मारलेला असेल तर तो काढून टाका. बीएस-६ गाडीत असा एक ओला जोड ईसीयूला वेडं करतो आणि मग इंजिन का अडखळतं ते सहजासहजी सापडत नाही.

पेट्रोलचं गणित. मनालीहून लेहला जाताना लागणाऱ्या टांडीच्या पंपावरचा फलकच पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचं सांगतो. ४११ची टाकी १५ लिटरची. हायवेवर ३०चं ॲव्हरेज देणारी गाडी दोघांना घेऊन, खालच्या गिअरमध्ये २५ देईल, म्हणजे ३७५. फारच काठावर. ५ लिटरचा चांगला कॅन सोबत घ्या, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला बांधा. टाकी रिझर्व्हच्या तळापर्यंत नेऊ नका: पंप टाकीत असतो आणि भोवतालच्या पेट्रोलनेच थंड राहतो. उघड्या पिंपातलं पेट्रोल घ्यावंच लागलं तर दुहेरी सुती कापडातून गाळा. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं तर इथेनॉल त्याच्यासह खाली बसतं आणि पंप नेमकं तेच ओढतो. टाकीच्या झाकणाचं रबर आणि पाणी जायची बारीक नळी म्हणून आधीच साफ करून घ्या.

कोनसेट (हँडलची बेअरिंगं) आणि चाकांची बेअरिंगं १८,०००ला संशयित धरा. सेंटर स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल हळूच डावी-उजवीकडे फिरवा. अगदी मध्यावर खट्ट अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट गेला, बदला. चाक धरून आडवं हलवा, थोडाही खेळ असेल तर बेअरिंग. बेअरिंगचा नंबर त्याच्या कडेवर कोरलेला असतो, तो मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. शेतातल्या मोटारी बांधणाऱ्या दुकानातही त्यातले बरेच नंबर मिळतात, शोरूमच हवं असं नाही. फोर्कमधून (पुढच्या शॉकॅबमधून) ऑइल झिरपत असेल तर सील बदलायची घाई करू नका. एक्स-रेच्या जुन्या फिल्मची पट्टी कापून टोकाला आकडा करा, धुळीचं रबर वर सरकवून पट्टी सील आणि नळीच्या मध्ये घाला आणि गोल फिरवून काढा. अडकलेला मातीचा कण निघतो आणि बऱ्याचदा गळती तिथेच थांबते.

गाडी चालू होईना तर क्रम ठरवून घ्या: लाल किल स्विच, न्यूट्रलचा दिवा, साइड स्टँड, बॅटरीची टोकं, फ्यूज. पडल्यानंतर बंद झाली असेल तर किल्ली बंद करून अर्धा मिनिट थांबा आणि पुन्हा फिरवा. गाडी आडवी झाल्यावर पंप तोडणारा सेन्सर तसाच मोकळा होतो. न्यूट्रलमध्ये चालते आणि गिअर टाकला की बंद पडते? मग जवळजवळ नक्की साइड स्टँडचा स्विच. पाण्याने धुवा, स्टँड दहा-पंधरा वेळा वर-खाली करा, असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. नाल्यात इंजिनाने पाणी ओढून बंद पडली तर मात्र स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, मग स्टार्टर मारून पाणी बाहेर उडवा, एअर बॉक्सच्या खालची नळी मोकळी करा. ऑइल ताकासारखं दिसलं तर बदला, आणि पन्नास-शंभर किलोमीटरने पुन्हा एकदा बदला.

परतताना जूनअखेर असेल, मध्य प्रदेशच्या सीमेजवळच्या पळासनेरच्या खाली पाऊस लागलेला असू शकतो. नरडाण्याहून बेटावदमार्गे डांबरी रस्त्यानेच या, अंतर वाचवायला शिवाररस्ता धरू नका. काळी माती ओली झाली की चाकाला थर चढत जातो, मागच्या चाकाच्या आतल्या मडगार्डमध्ये आणि चेनच्या गार्डमध्ये गच्च भरतो, आणि दोनशे मीटरमध्ये चाक फिरायचं थांबतं. तिथे ॲक्सिलरेटर पिळला तर क्लच जळतो. अडकलातच तर उतरा, लाकडी काटकीने माती उकरा. स्क्रू ड्रायव्हरने चेनच्या ओ-रिंगा आणि एबीएसच्या सेन्सरची वायर फाटते. आणि घरी पोचल्यावर कितीही दमलात तरी ऑइल कूलरवर पाण्याची साधी नळी सोडा, प्रेशर पंप नाही, त्याने जाळीचे पत्रे वाकतात. सकाळपर्यंत ती माती वाळून खापरासारखी होते.